परीकथांच्या मालिका आणि 'सुफळ संपूर्ण'

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात मुले पडद्यासमोर किती वेळ बसतात याविषयी बरीच पत्रे येतात आणि त्यांतली चिंता मला मान्यही आहे; परंतु ती मुले त्या वेळात नेमके काय पाहतात, याकडे आपण पालक आणि आजी-आजोबा फारसे वळत नाही. त्यातही पडद्यावर सिंड्रेला, हिमगौरी, लाल टोपीवाली मुलगी किंवा नागकन्या अशी ओळखीची नावे दिसली, की आपण निर्धास्त होऊन स्वयंपाकघरात निघून जातो. मीही अशीच गेले होते. सदतीस वर्षे प्राथमिक शाळेत पहिली-दुसरीच्या वर्गांना गोष्टी सांगण्यात घालवलेल्या बाईकडून ही चूक व्हायला नको होती, म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

दिवाळीच्या सुट्टीत माझी आठ वर्षांची नात आणि तिची चौदा वर्षांची आतेबहीण अशा दोघी आमच्याकडे होत्या. मोठीने टीव्हीवर 'वन्स अपॉन अ टाइम' ही इंग्रजी मालिका लावली होती. आत डोकावले तेव्हा हिमगौरी काचेच्या पेटीत निजलेली होती आणि राजपुत्र घोड्यावरून येत होता, त्यामुळे मी समाधानाने चकल्या तळायला परत गेले. चौथ्या की पाचव्या रात्री धाकटी झोपताना डाव्या बाजूला छातीवर तळहात दाबून धरू लागली. विचारले तेव्हा म्हणाली, "आजी, हृदय बाहेर काढून डबीत ठेवलं तर माणूस जिवंत राहतो ना? पण ती डबी कोणाकडे आहे हे त्याला कसं कळणार?" प्रथम मला वाटले, परिसर अभ्यासातले काही असेल. मग मोठीने खुलासा केला, की मालिकेतली दुष्ट राणी माणसांच्या छातीत हात घालून लाल चकाकणारे हृदय उपटून काढते, ते पेटीत कुलूपबंद ठेवते, आणि ज्याचे हृदय तिच्याकडे असते त्याने तिची आज्ञा मोडली तर ती ते मुठीत चुरगाळून त्याची राख करते. पहिल्याच पर्वाच्या सातव्या भागात गावचा शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, असा मरतो. त्या शेरीफचा धाकटीला फार लळा लागला होता.

त्यानंतर मी पहिल्या पर्वाचे बावीसही भाग पाहिले आणि पुढची पर्वे मधूनमधून पाहिली. ज्यांना ही मालिका ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेतील एबीसी या वाहिनीवर २३ ऑक्टोबर २०११ ते १८ मे २०१८ या काळात तिची सात पर्वे आणि एकूण १५५ भाग झाले. दुष्ट राणीच्या शापामुळे परीकथांतली सारी माणसे मेन राज्यातील स्टोरीब्रुक नावाच्या काल्पनिक गावात येऊन पडली आहेत. ती स्वतःची ओळख विसरली आहेत आणि गावातले मनोऱ्यावरचे घड्याळ सव्वाआठवर थांबले आहे. हिमगौरी तिथे शाळामास्तरीण आहे, दुष्ट राणी रेजिना नगराध्यक्ष आहे, आणि सोन्याचे सूत कातणारा विचित्र बुटका तिथे दागदागिने व जुन्या वस्तू गहाण ठेवून घेणारा सावकार आहे. कल्पना खरोखर सुंदर आहे. मेहनतही भरपूर घेतलेली आहे, आणि 'प्रत्येक जादूची किंमत मोजावी लागते' हे तिच्यातले पालुपद तर मला आमच्या कहाण्यांतल्या 'उतशील मातशील, घेतला वसा टाकशील' या बजावणीचे सख्खे भावंड वाटले. तेव्हा मालिका वाईट आहे, अशी माझी तक्रार मुळीच नाही. ती आठ वर्षांच्या मुलीची नाही, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि ते मी कशाच्या आधारावर म्हणते हे सांगणे मला आवश्यक वाटते, कारण त्यासाठी नेहमी दिले जाणारे कारण मला पटत नाही.

ते नेहमीचे कारण म्हणजे भीती आणि हिंसा. मुलांना काही भयंकर दाखवूच नये असे मानणाऱ्यांनी आपल्याच घरातल्या गोष्टी एकदा आठवून पाहाव्यात. आमच्या घरी सांगत त्या चिमणी-कावळ्याच्या गोष्टीत 'थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते. थांब, माझ्या बाळाला तीट लावते' असे करत पावसात ताटकळत ठेवलेला कावळा शेवटी आत येतो तो चिमणीची पिल्ले खातो, आणि मग चुलीवर चांगला चटका खाऊन पळतो. भोपळ्यातल्या म्हातारीला वाटेत भेटणारे लांडगा नि वाघ तिला 'खातो' असेच म्हणतात, आणि म्हातारीही 'लेकीकडे जाते, तूपरोटी खाते, लठ्ठमुठ्ठ होते, मग मला खा' असा सौदा करते. माझ्या वर्गातल्या किती पिढ्यांनी हे ऐकून टाळ्या पिटल्या असतील, त्याची गणती नाही. त्यातले एकही मूल भोपळ्याला घाबरून रात्री उठले असे मला कोणा आईने सांगितले नाही.

नागपंचमीची कहाणी तर याहून कठोर आहे. शेतकऱ्याच्या नांगराचा फाळ वारुळाला लागतो, नागिणीची पिल्ले मरतात, आणि ती सूड घ्यायला निघते. घरात निजलेल्या शेतकऱ्याला, त्याच्या बायकोला, मुलांना ती एकेक करून डसते. मग परगावी दिलेल्या लेकीलाही डसायला जाते, तर तिथे त्या मुलीने पाटावर चंदनाने नागकुळ काढलेले असते, दुधाचा आणि लाह्यांचा नैवेद्य दाखवलेला असतो. नागीण दूध पिते, शांत होते, लेकीला खरे काय ते सांगते, अमृत देते आणि मेलेले सारे कुटुंब उठून बसते. लहानपणी आम्ही पाच-सहा भावंडे हे ऐकत बसत असू. सगळे घर मेल्यावर आमचा श्वास अडकत असे, आणि आई ज्या चालीत शेवटी 'ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' म्हणे, त्या चालीतच तो सुटत असे. वाटीतल्या लाह्या संपायच्या आत मृत्यू येऊन गेलेला असे आणि सारे जिवंतही झालेले असत.

मला जो फरक दिसतो तो इथे आहे. लहान मुलाला भीती चालते, पण ती त्याच बैठकीत संपावी लागते. मालिका बैठकीत संपत नाही, कारण ती न संपण्यावरच तिचा संसार चालतो. प्रत्येक भागाच्या शेवटच्या मिनिटाला कोणी तरी कड्यावर लोंबकळत ठेवायचे, हा तिचा व्यवसाय आहे. ज्या काळात 'वन्स अपॉन अ टाइम' अमेरिकेत रविवारी रात्री आठ वाजता लागत असे, त्या काळी निदान पुढचा आठवडाभर मुलाला त्या गोष्टीशी झुंजायला सवड होती. आता ओटीटीवर एक भाग संपून नावे वर सरकू लागली, की काही सेकंदांत दुसरा आपोआप सुरू होतो, त्यामुळे मूल एका दुपारी चार-पाच खड्डे ओलांडून सहाव्याच्या काठावर जेवायला उठते. दुष्ट राणी पुढे पालटते, पश्चात्ताप करते आणि सातव्या पर्वाच्या अखेरीस तिचा 'सुष्ट राणी' म्हणून राज्याभिषेकही होतो. परंतु एक भाग त्रेचाळीस मिनिटांचा धरला तर या दिलाशापर्यंत पोचायला मुलाला शंभराहून अधिक तास बसावे लागेल. मेलेला शेरीफ तर त्यानंतरही उठून बसत नाही, कोणाच्या तरी आठवणींतून दिसतो तेवढाच. त्याला अमृत आणून देणारी कोणी लेक त्या गावात नव्हती, हे माझ्या नातीचे खरे दुःख होते.

यावर कोणी म्हणेल, की अरबी सुरस कथांमधली शहरजाद रोज पहाटे गोष्ट अर्धवटच सोडत असे. सोडत असे; पण तिच्या मानेवर तलवार होती आणि ऐकणारा दाढीमिशा आलेला राजा होता. उलट आमच्या विक्रम-वेताळाकडे पाहा. 'चांदोबा' मासिकातून तो महिन्यामागून महिने येत राहिला आणि १९८५ मध्ये रामानंद सागर यांनी दूरदर्शनसाठी 'विक्रम और बेताल' ही मालिका केली, तेव्हाही दर वेळी वेताळ उडून झाडावर जायचाच. चौकट अखंड चालू, पण आतली गोष्ट त्या दिवशीची त्या दिवशी पुरी. वेताळ प्रश्न विचारणार, राजा उत्तर देणार, मौन मोडणार, प्रेत पुन्हा झाडाला लोंबकळणार, आणि पाहणारे मूल 'हा आता परत झाडावर जाणार' हे आधीच ओळखून खूश होणार. खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानातून चालणारा राजा, याहून भेसूर देखावा तो काय असणार? तरी तो आम्ही मुलांसह पाहिला आणि कोणाचे काही बिघडले नाही. तेव्हा दूरचित्रवाणीला हे जमत नाही असेही नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक नाजूक वाटते आणि ती आईविषयीची आहे. जर्मनीतील ग्रिम बंधूंनी आपल्या लोककथांचा पहिला खंड १८१२ मध्ये छापला तेव्हा तो मुख्यतः अभ्यासकांसाठी होता आणि त्याला टिपणेही जोडलेली होती. त्या पहिल्या छापात हिमगौरीचा जीव घ्यायला टपलेली राणी तिची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत बंधूंनी तिला सावत्र केले. रापुंझेलला आपला झगा अलीकडे घट्ट का होतो असे चेटकिणीला निरागसपणे विचारताना पहिल्या आवृत्तीत दाखवले होते. तो उल्लेखही त्यांनी पुढे काढून टाकला. मुलांनी 'खाटीक-खाटीक' खेळता खेळता एकमेकांचा जीव घेतल्याची एक भयंकर हकीकत होती, तीही वगळली. १८२५ मध्ये तर त्यांनी पन्नास निवडक गोष्टींची वेगळी छोटी आवृत्ती मुलांसाठी काढली आणि तिला त्यांच्याच धाकट्या भावाची चित्रे होती. म्हणजे परीकथा म्हटली की ती आपोआप मुलांची झाली, असे प्रत्यक्ष ग्रिम बंधूंनाही वाटत नव्हते. गंमत अशी, की त्याच बंधूंनी हिमगौरीच्या शेवटी दुष्ट राणीला तापवलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचवले ते तसेच ठेवले, आणि सिंड्रेलाच्या सावत्र बहिणींचे डोळे पक्ष्यांकडून फोडवून घेतले ते तर १८१९ मध्ये नव्याने घातले. दुष्टाला शासन झाले तर मूल ते पचवते, पण आपली आईच आपल्या जिवावर उठेल ही कल्पना त्याला पचत नाही, असा त्यांचा होरा असावा. शिक्षा किती रक्तरंजित असावी याबद्दल माझे त्यांच्याशी भांडण आहे. आईबद्दलचा त्यांचा निर्णय मात्र मला शहाणपणाचा वाटतो.

आजच्या मालिका नेमके तेच उलटे करतात. 'वन्स अपॉन अ टाइम'मधला दहा वर्षांचा हेन्री हा दत्तक मुलगा आहे. त्याला पटले आहे, की आपल्याला वाढवणारी आई म्हणजे परीकथेतली दुष्ट राणी आहे, आणि म्हणून तो जन्मदात्या आईला शोधत एकटा बोस्टनला जातो. आई त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवते, त्याच्या मनातले सगळे खोटे आहे असे त्याला पटवू पाहते, आणि प्रेक्षकाला ठाऊक असते की मुलगाच बरोबर आहे. पुढे कळते, की या राणीच्या आईने तिच्यादेखत तिच्या प्रियकराचे हृदय चुरगाळलेले आहे. आणि शाप घडवण्यासाठी स्वतः राणीने आपल्या वडिलांचा बळी दिला आहे, तो तर दुसऱ्याच भागात. चौदा वर्षांच्या मुलीसाठी हे विचार करायला लावणारे आहे, हे मी पाहिले. माझी मोठी नात माझ्याशी तासभर वाद घालत होती, की रेजिना दुष्ट जन्मली नाही, तिला तसे केले गेले, आणि म्हणून तिला माफी आहे की नाही. इतका चांगला वाद मी निवृत्तीनंतर घातला नव्हता. पण आठ वर्षांच्या मुलीने या सगळ्यातून एवढेच उचलले, की ओळखीची, चांगले कपडे घालणारी, सफरचंदाचे खाद्यपदार्थ करून देणारी बाई आतून कोणीही असू शकते. ज्या घरांत दत्तक मूल आहे आणि त्याला ते सांगण्याची वेळ अजून यायची आहे, त्या पालकांनी तर ही मालिका मुलाच्या हाती पडू देण्याआधी स्वतः पाहावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. दत्तक आई आणि 'खरी' आई ही शब्दयोजना त्यात वारंवार येते, आणि पहिल्या पर्वात तरी त्या तराजूचे पारडे दत्तक आईच्या बाजूने झुकत नाही.

या मालिकेच्या अवघे पाच दिवस नंतर, २८ ऑक्टोबर २०११ रोजी, एनबीसी वाहिनीवर 'ग्रिम' ही मालिका सुरू झाली आणि मार्च २०१७ पर्यंत चालली. नाव परीकथाकारांचे, पण ती सरळसरळ खुनांच्या तपासाची गोष्ट आहे. पहिल्या भागाच्या आरंभीच लाल टोपीचा सदरा घालून धावायला निघालेल्या तरुणीचे रानात तुकडे होतात. अमेरिकेत तिला चौदा वर्षांखालील मुलांसाठी अयोग्य असा शिक्का होता, तर 'वन्स अपॉन अ टाइम'ला 'पालकांच्या मार्गदर्शनाने' असा सौम्य. पहिल्याच नजरेला कळते की 'ग्रिम' मुलांची नाही, म्हणून तिच्याविषयी मी फार लिहीत नाही. धोका अर्धवट गोड दिसणाऱ्या गोष्टीचा अधिक असतो.

हा प्रश्न केवळ इंग्रजी मालिका पाहणाऱ्या घरांचा आहे, असेही कोणी समजू नये. १ नोव्हेंबर २०१५ रोजी कलर्स वाहिनीवर 'नागिन' सुरू झाली, ती शनिवार-रविवारी रात्री आठ वाजता, म्हणजे ताटे वाढण्याच्या वेळेला. आईवडिलांच्या खुनाचा सूड घेण्यासाठी इच्छाधारी नागीण शत्रूच्या घरात सून होऊन शिरते, अशी त्या पहिल्या पर्वाची कथा होती, आणि पुढे पर्वांमागून पर्वे निघत गेली. निवृत्त होण्याआधीच्या वर्षांत माझ्या दुसरीच्या वर्गातल्या मुली मधल्या सुट्टीत दुपट्ट्याची शेपटी करून 'मी नागीण, तू मानव' खेळत. त्यांना नागपंचमीची कहाणी येते का विचारले, तर येत नव्हती. दोन्हीकडे नागीणच, दोन्हीकडे पिल्लांचा किंवा आईबापांचा वधच, आणि दोन्हीकडे सूडच. पण कहाणीतली नागीण एका वाटीभर दुधाने विरघळते आणि मालिकेतली विरघळली तर उद्या जाहिरातदार येणार नाहीत. त्या मुलींना सूड कळला होता आणि त्याचा शेवट कधी ऐकायला मिळाला नव्हता, याचे मला वाईट वाटे. शिवाय ही मालिका कोणी 'मुलांची' म्हणून लावत नाही. ती मोठ्यांसाठी लागते आणि मुले मांडीवर बसून पाहतात, त्यामुळे 'योग्य की अयोग्य' हा प्रश्न घरात निघतच नाही.

नियम नाहीत असे नाही. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ नुसार, ज्या वेळी मुले सर्वाधिक संख्येने दूरचित्रवाणी पाहतात त्या वेळी त्यांना अयोग्य असलेले कार्यक्रम दाखवायचे नाहीत. वाहिन्यांच्या स्वनियमनात रात्री अकरा ते पहाटे पाच हा मोठ्यांच्या कार्यक्रमांचा काळ ठरलेला आहे आणि २०११ पासून तक्रारी ऐकणारे मंडळही आहे. ओटीटीसाठी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी यू, यूए ७+, यूए १३+, यूए १६+ आणि ए अशी वर्गवारी सक्तीची केली, यूए १३+ पासून पुढे पालकांना कुलूप लावण्याची सोय द्यायला सांगितले, आणि कार्यक्रमात काय आहे याचे थोडक्यात वर्णन आरंभीच दाखवावे असेही म्हटले. कागदावर हे सगळे ठीक आहे. प्रत्यक्षात आमच्याकडे काय झाले ते सांगते. आम्ही ज्या सेवेचे वर्गणीदार आहोत, तिच्या पडद्यावर ही मालिका राजकन्यांच्या व्यंगचित्रपटांच्या रांगेतच, त्यांच्याच रंगसंगतीत मांडलेली होती. वयाचा आकडा होता, पण कोपऱ्यात आणि चष्मा पुसूनही दिसेना इतका बारीक. वर्णनाचे चार शब्द दोन सेकंदांत पुसले गेले. आणि कुलूप लावले होते माझ्या मुलाने, ज्याचा आकडा होता एक, दोन, तीन, चार. घरात तो सर्वांत आधी कोणाला सापडला असेल हे सांगायला नकोच.

माझा मुलगा म्हणतो, "आई, शाळेच्या बसमध्ये मुलं मोबाइलवर याहून भयंकर खेळ खेळतात, तू एका राणीला काय धरून बसलीस?" त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. मोठ्या नातीचे म्हणणे अधिक वजनदार आहे. ती म्हणते की जुन्या गोष्टींत मुलगी काचेच्या पेटीत निजून राहते आणि कोणीतरी येऊन तिला उठवतो. या मालिकेत हिमगौरी स्वतः धनुष्य घेऊन रानात लढते, आणि शाप मोडणारी एमा, म्हणजे हेन्रीची जन्मदाती आई, कोणा राजपुत्राची वाट पाहत बसत नाही. हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच ही मालिका बारा-तेरा वर्षांच्या मुलींनी जरूर पाहावी असे मी म्हणते. लाल टोपीवाली मुलगीच लांडगा असते आणि नकळत आपल्याच प्रियकराचा जीव घेते, हा पंधराव्या भागातला पेच त्या वयात समजतो आणि बोलता येतो. त्याआधी पाहायचीच झाली तर शेजारी कोणीतरी मोठे माणूस असावे, आणि त्या माणसाच्या हातात मोबाइल नसावा.

शेजारी माणूस असण्याने काय होते, हे मी रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'च्या प्रयोगाला पाहिले. दिलीप प्रभावळकरांनी पूर्वी गाजवलेली चिंची चेटकीण २०१८ मध्ये नव्याने रंगभूमीवर आली आणि ती वैभव मांगले करत. धाकटी तेव्हा जेमतेम चार वर्षांची. चेटकीण आली तेव्हा तिने माझ्या पदरात तोंड खुपसले आणि घरी जाऊया म्हणून हट्ट धरला. मी तिला उचलून बाहेर न्यायच्या बेतात होते, तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका पोराने चेटकिणीला जोरात उलट उत्तर दिले, चेटकिणीनेही त्याला तिथल्या तिथे जवाब दिला आणि नाट्यगृह हसले. पदराआडून एक डोळा बाहेर आला. मध्यंतरानंतर बाईसाहेब खुर्चीवर उभ्या राहून इतर दोन-तीनशे मुलांबरोबर चेटकिणीवर ओरडत होत्या. भीती तीच होती, पण ती वाटून घेतलेली होती, तिला उलटून बोलता येत होते, आणि दोन-अडीच तासांत पडदा पडणार होता. पडद्यावरच्या रेजिनाला उलटून बोलता येत नाही. ती बोलत राहते आणि मूल गप्प होत जाते.

वाहिन्यांकडे आणि ओटीटी सेवांकडे माझे मागणे फार मोठे नाही. वयाचा आकडा गोष्टीच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत असावा. यूए १३+ कार्यक्रम लहान मुलांच्या चित्रपटांच्या रांगेत मांडू नयेत, कथेत राजकन्या असली तरीही. अशा मालिकांत पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय मुळात बंद असावी, ज्याला हवी त्याने ती चालू करावी. मराठी निर्मात्यांना मात्र मी काही वेगळे सुचवीन. वेताळ पंचविशी आपल्याकडे आहे, श्रावणातल्या कहाण्या आहेत, आवडती-नावडतीच्या गोष्टी आहेत. एका भागात एक गोष्ट, त्याच भागात तिचा शेवट, अशी पंचवीस मिनिटांची मालिका काढायला कोणी तरी पुढे यावे. त्यात राक्षस हवा, चेटकीण हवी, डसणारी नागीणही हवी. ती गुळगुळीत करून टाकली तर मुले पाच मिनिटांत उठून जातील आणि पुन्हा रेजिनाकडे वळतील.

धाकटीचे काय झाले, असे कोणी विचारील म्हणून लिहिते. हृदयाच्या डबीचा प्रश्न मी टाळला नाही. ती आणि मी तो सातवा भाग पुन्हा पाहिला, थांबवत थांबवत. शेरीफच्या हृदयाची राख झाली तिथे तिने विचारले, "आता याची गोष्ट कोण संपवणार?" मग तिने वहीत स्वतःच एक शेवट लिहिला. त्यात एक लांडगा राणीच्या तळघरात शिरून डबी तोंडात धरून पळतो आणि शेरीफला परत आणून देतो. शेरीफच्या जोडीला लांडगा मालिकेतही आहे, तिने तेवढा धागा बरोबर पकडला होता. खाली तिने 'सुफळ संपूरण' असे लिहिले, र पूर्ण काढून, आणि मी ते दुरुस्त केले नाही. छातीवर हात ठेवून झोपणे आठवड्याभरात थांबले.

उरलेली मालिका बाराव्या वाढदिवसानंतर मोठ्या बहिणीबरोबर पाहायची, असा करार झाला आहे. कुलपाचा आकडा मी स्वतः बदलला आहे. तो आता एक-दोन-तीन-चार नाही, परंतु कोणता आहे हे इथे लिहीत नाही, कारण शुद्धलेखनासाठी म्हणून रोज सकाळी ती आपला अंक मोठ्याने वाचते.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सातारा